घोड्याची भावकी

"पेण, रोहा आणि मधल्या सर्व गावांतील नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, घोडा आणि गाय यांचे जवळचे नाते नाही. जे आहे ते फार लांबचे असून दोन्ही घराणी अनादी काळापासून विभक्त आहेत. घोड्याचे खरे नातेवाईक गाढव, झेब्रा, गेंडा आणि टापीर हे होत. तरी यापुढे कोणीही घोड्यास गाईप्रमाणे वागवू नये. वागविल्यास होणाऱ्या परिणामांस घोडा जबाबदार राहणार नाही."

ही सूचना सरकारी नाही. सरकारला इतकं महत्त्वाचं काही सुचत नाही. ही मी छापली. पेणच्या एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि तिथं बसून मी आजवर कितीतरी भावी नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आहेत. पण परशूभाऊंचं काम आलं तेव्हा मी खुर्चीत पहिल्यांदा सरळ बसलो. त्यांना सहा बाय चारचा फ्लेक्स हवा होता. वर घोडा. त्याच्या खाली, जिथं एरवी 'शुभेच्छुक' म्हणून गल्लीतली पोरं गॉगल घालून उभी असतात, तिथं गाढव, झेब्रा, गेंडा आणि टापीर. मग एक जाड रेघ. रेघेपलीकडे गाय, म्हैस, बकरी, हरीण, उंट, डुक्कर, पाणघोडा, आणि कोपऱ्यात एकटा देवमासा. माझ्याकडे तयार होतं ते वाढदिवसाचंच डिझाइन. त्यामुळे घोड्याच्या डोक्यामागून सूर्य उगवला आणि दोन्ही बाजूंना फटाके फुटले, ते तसेच राहिले. परशूभाऊंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सूर्य राहू दे, घोड्याला शोभतो. गेंड्याची बोटं नीट दिसत नाय, तेवढी दुरुस्त कर."

फ्लेक्स तीन दिवस टिकला. पहिल्या दिवशी लोक सर्कशीचा तंबू शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, हा कुठला पक्ष. तिसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याची माणसं दुकानात आली आणि गेंडा कोणाला म्हटलंय ते कळल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. मी त्यांना चहा पाजला. संध्याकाळपर्यंत फ्लेक्स गायब. पुढे पावसात तो गडब गावाजवळच्या एका गोठ्यावर अंथरलेला दिसला, खाली चार म्हशी रवंथ करत उभ्या. मी हळहळत परशूभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "एसटी स्टँडवर तरी कोण वाचत होतं? म्हशी निदान उभ्या तरी राहतात."

परशुराम हिराजी म्हात्रे. राहणार गडब, नोकरी रोह्याच्या गुरांच्या दवाखान्यात, हुद्दा ड्रेसर. म्हणजे डॉक्टर सुई टोचतात तेव्हा बैलाला धरून ठेवतो तो माणूस. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, वाढलेले खूर तासणं हे त्यांचं काम. गावोगावचे लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी दुरुस्त करायचे, "डॉक्टर नाय. डॉक्टर तोंडाकडं असतो, मी पायाकडं."

आता ते नाहीत. जाऊन दोन वर्षं झाली.

आयुष्य जनावरांच्या पायाशी गेल्यामुळे त्यांची नजर गुडघ्याच्या वर फारशी जायची नाही. माणसंसुद्धा ते पायांवरून ओळखत. मी एकदा नवे बूट घेतले तर आठवडाभर माझ्यासमोरून अनोळख्यासारखे गेले. पुतण्यासाठी मुलगी बघायला कोलाडला गेले होते. मोठी माणसं शिक्षण, स्वयंपाक असं विचारत होती. परशूभाऊंनी मुलीला दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला की डावा पाय जरा आत पडतो, पण चाल मजबूत आहे. बैठक गार पडली. मुलगी मात्र बिचकली नाही. म्हणाली, "काका, आता तुमच्या पोराला चालवा." पुतण्या चालला. लाजून दोनदा चटईला अडखळला. लग्न झालं, सुखात आहेत, आणि पाय कोणाचा वाकडा यावर त्या घरात अजून चर्चा होते.

हे सगळं खूळ एका पुस्तकातून आलं होतं. दवाखान्यातल्या कपाटात कोणा जुन्या साहेबाचं इंग्रजी पुस्तक पडून होतं, खूर असलेल्या जनावरांचं, चित्रांसकट. परशूभाऊंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी युक्ती काढली. बदलून येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्या दिवशी चहा द्यायचा आणि पुस्तक पुढे करून अर्थ विचारायचा. कोणी दोन पानं सांगितली, कोणी दहा. सरकार डॉक्टरांच्या बदल्या करत राहिलं आणि परशूभाऊंचं पुस्तक पुढे सरकत राहिलं. बदल्यांचा कोणाला काही फायदा झाल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

त्या पुस्तकाचं सार ते तुमच्याच हाताने समजावत. हात टेबलावर ठेवायला लावत, मनगट उचलायला लावत, मग एकेक बोट दुमडत. शेवटी फक्त मधलं बोट टेकलेलं राहिलं की म्हणत, "हा घोडा. एका बोटावर उभा. बाकीची पूर्वी होती, धावता धावता गेली." मग शेजारचं अनामिकेचं बोट खाली आणत. "ही गाय. दोघांवर भार." गेंडा तीन बोटांवर, पण तोल मधल्यावर, म्हणून तो घोड्याच्या भावकीतला. टापीर त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता. अंग डुकराचं, सोंड आखूड, पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला तीन. तरी पायाची ठेवण घोड्याच्या घराण्याची. ते त्याच्याबद्दल असं बोलत, की पोटासाठी लांब मुलखात गेलेला आपल्यातलाच कोणी असावा.

पाणघोड्यावर त्यांचा विशेष राग. नावात घोडा आणि पाय बघावे तर गाई-डुकरांच्या बाजूचे. आणि त्याचा सगळ्यात जवळचा नातलग कोण, तर देवमासा. हे ऐकून माझ्या दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. परशूभाऊ शांतपणे म्हणाले, "तुझा भाऊ दुबईला गेला, दाढी काढली, बोलणं बदललं, परत येईना. म्हणून तो तुझा भाऊ नाय? देवमासा पाण्यात गेला, पाय गेले. भावकी जाते कुठं?" गिऱ्हाईकाचा भाऊ खरंच दुबईला होता. ते व्हिजिटिंग कार्ड न घेताच उठलं.

रोह्याचे इक्बालभाई मात्र त्यांच्याशी वर्षभर बोलत नव्हते. इक्बालभाईंकडे वरातीची पांढरी घोडी, नाव राणी. तिचं मूळ थेट अरबस्तानात आहे असं ते सांगत, आणि ती गुडघे उडवत चालायची तेव्हा आपल्यालाही खरं वाटायचं. एका वरातीत परशूभाऊंनी, नवरदेव घोडीवर बसत असताना, नवरदेवालाच समजावलं की तू आत्ता गेंड्याच्या चुलतबहिणीवर बसतोयस. नवरदेव उतरायला लागला. इक्बालभाईंनी रोह्यात सगळीकडे सांगितलं, की हा माणूस आमच्या राणीची बेअब्रू करतो.

मग एका सकाळी राणी पोटदुखीने लोळायला लागली. डॉक्टर कुठल्याशा शिबिराला मुरुडकडे. शेजारची चार जाणती माणसं धावली. एकाने बांबूच्या नळीतून तेल-हिंग पाजायची तयारी केली, दुसरा डाव्या कुशीत सुई खुपसून वारा काढायला निघाला. बैलाचं पोट फुगलं की आपल्याकडे हेच करतात आणि बैल वाचतोही. परशूभाऊ तेव्हा नोकरीत होते. पिशवी घेऊन आले, आधी अर्थातच पाय बघितले, मग सुईवाल्याचा हात धरला. म्हणाले, बैलाला चार कप्प्यांचं पोट, सुई टोचायची जागा त्यातल्या एका कप्प्यावर. हिला ते पोटच नाय. हिचं साधं एक पोट, पुढं आतड्याचा मोठा पोतडा, सगळा मामला गेंड्यासारखा. सुई टोचलीत तर लाथ खाऊन मराल नि हिलाही माराल. आणि नळीतलं तेल छातीत उतरलं तर संपलंच, पोटात गेलेलंही ओकून टाकायची नाय, घोड्याला उलटी होत नाय.

इक्बालभाई भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी वर्षभराचा अबोला एका वाक्यात सोडला. "गेंड्याची बहीण तर गेंड्याची बहीण. परशू, हिला जगव."

परशूभाऊंनी तिला लोळू न देता दुपारपर्यंत हळूहळू चालवत ठेवलं. खायला काही दिलं नाही. डॉक्टर आल्यावर इंजेक्शन झालं. राणी वाचली. त्यानंतर इक्बालभाई वरातीत नवरदेवाला चढवताना स्वतःच सांगायला लागले, की बेटा, सांभाळून बस, गेंड्याच्या खानदानातली हाय.

निवृत्तीनंतर परशूभाऊ रोज सकाळी गडबवरून एसटीने पेणला येत आणि माझ्या दुकानासमोरच्या सुमनवहिनींच्या गणपती कारखान्यात बसत. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, आत मूर्तींच्या रांगा, पांढरी धूळ आणि रेडिओ. आम्हा पेणकरांना बिनमुंडक्याचे शंभर गणपती बघून काही वाटत नाही. परशूभाऊंना गणपतीत रस नव्हता. ते नंदी बघत, हरणं बघत, कुठे दत्तगुरूंची गाय असली तर तिच्या मागच्या पायांची ती दोन छोटी नखुरं आहेत का ते बघत. उंदराकडे ढुंकून बघत नसत. "त्याला नखं. आपल्या खात्यात येत नाय."

वहिनींना परशूभाऊंचा त्रास व्हायला हवा होता, पण उलट त्यांची सवयच लागली. वहिनींचे यजमान अनंतदादा आदल्या वर्षी अचानक गेले होते. दीर आला आणि म्हणाला, बाईमाणसाला हे झेपायचं नाही, साचे माझ्याकडे दे. वहिनींनी एक हंगाम मागून घेतला. एवढा एक हंगाम मोठं काम नीट करून दाखवते, नाही जमलं तर साचे घेऊन जा. आणि मोठं काम आलं. रोह्याच्या एका मंडळाची दहा फुटी मूर्ती, घोड्यावर स्वार झालेला गणपती, घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला. ही मूर्ती नीट गेली तर कारखाना वहिनींचा. परत आली किंवा नाव खराब झालं, तर साचे दिराच्या टेंपोत. हे पेणमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कारण दीर सगळ्यांना सांगत होता.

नेमकं ऐन घाईत परशूभाऊ लेकीकडे कोलाडला पंधरा दिवस अडकले, तापाने. आले ते थेट मूर्ती न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी. मूर्ती तयार होती. रंग झालेला, डोळे झालेले, शेल्याला जर लावलेली. वहिनी दारातच उभ्या होत्या, दाखवायच्या उत्साहात. परशूभाऊ आत गेले, घोड्यासमोर उकिडवे बसले आणि उठेचनात.

चारही खूर मधोमध चिरलेले होते.

कारागीर दत्ताने मान खाली घालून सांगितलं ते असं. घोड्याच्या पायांचा रबरी साचा काढला तर उंदरांनी कुरतडलेला. नवा करायला वेळ नव्हता. मग त्याच मापाचे नंदीचे पाय होते, ते गुडघ्याखाली जोडले. एका पायाला वाक देऊन तो उचललेला केला. जोड कुठे दिसत नाही, हे तो जरा अभिमानानेच म्हणाला, आणि खरोखर दिसत नव्हता. गणपतीच्या स्वतःच्या वाहनाने केलेला घोटाळा, तक्रार तरी कोणाकडे करायची?

वहिनी परशूभाऊंसमोर जमिनीवर बसल्या. त्यांनाही आत्ताच दिसलं होतं. रंग लागलेल्या, वॉर्निश केलेल्या मूर्तीला आदल्या दिवशी हात लावायचा म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. रोह्याच्या पोरांना कोण सांगणार? आणि न सांगितलं तर बघणार कोण? रोज घोडा कोण बघतो आता? त्या बराच वेळ बोलत राहिल्या, बहुतेक स्वतःशीच. शेवटी परशूभाऊंचा हात धरून म्हणाल्या, "भाऊ, उद्या तुमी तोंड उघडायचं नाय. माझी शपथ हाय."

मी परशूभाऊंचा चेहरा बघत होतो. आपलं दुकान सोडून मी तिथं काय करत होतो हे विचारू नका. तो माणूस आयुष्यात एकच गोष्ट पक्की शिकला होता, आणि ती बोलायची नाही असं त्यांना सांगितलं जात होतं. त्यांनी मान हलवली. एसटीला जाताना माझ्या दुकानावरून गेले. थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी परशूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. तोंडात पानाचा असा तोबरा, की बोलायचं म्हटलं तरी जमू नये. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले. दहा वाजता मंडळ आलं. टेंपो, वीसेक पोरं, बेंजोवाले, आणि अध्यक्ष प्रसाद, कपाळाला टिळा लावलेला, फोन कायम हातात. पोरं मूर्तीभोवती गोळा झाली. मग सगळ्यांनी एकदम फोटो काढले. गणपतीचा, जरीचा, सोंडेचा, घोड्याच्या आयाळीचा. पायांजवळ तर दोघे टेकून बसले होते फोटोसाठी. कोणाला काही दिसलं नाही. नारळ फुटला, आरती झाली, बेंजो सुरू झाला. दत्ताने माझ्याकडे बघून सुटल्यासारखा श्वास सोडला. वहिनींचा दीर रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर बसून बघत होता, त्याचं तोंड उतरलं.

मूर्ती हातगाडीवरून टेंपोपाशी गेली. प्रसादने वहिनींच्या हातात शाल आणि नारळ दिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "वहिनी, अनंतदादा असते तर त्यांनी पण हेच म्हटलं असतं. एकदम परफेक्ट."

वहिनी हसल्या. मग त्यांची नजर खाली गेली. मला ती जाताना दिसली. सोंडेवरून जरीवर, जरीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खाली. वर्षभर शेजारी बसून एका माणसाने त्या बाईला बघायला शिकवलं होतं, आणि शिकलेलं बघणं विसरता येत नाही.

"परफेक्ट नाय," वहिनी म्हणाल्या. "घोड्याचे पाय बैलाचे हायत."

बेंजो थांबला. आधी ढोलकी, मग कॅसिओ. दीर मोटरसायकलवरून उतरला. प्रसाद खाली बसला, पाय बघितले, काहीच कळलं नाही, उठला. बैलाचे म्हणजे काय, असं त्याने विचारलं. वहिनींना पुढचं सांगता येईना. सगळे परशूभाऊंकडे वळले. परशूभाऊ भिंतीपासून वळले, डोळे भरलेले, गाल फुगलेले, पण बोलले नाहीत. त्यांनी वहिनींकडे बघितलं, आणि मला तेव्हा कळलं की हा माणूस अजून शपथेत आहे.

"सुटली," वहिनी म्हणाल्या. "बोला."

परशूभाऊ बाहेर जाऊन थुंकून आले आणि पुढचा अर्धा तास बोलले. प्रसादचा हात टेंपोच्या फाळक्यावर ठेवून त्याची बोटं दुमडली. वीस पोरं फाळक्याला हात लावून मधल्या बोटावर उभी राहिली. गेंडा झाला, टापीर झाला. देवमाशापर्यंत जाऊ लागले तेव्हा वहिनींनी आवरलं. मंडळात दोन तट पडले. एक म्हणे, देवाच्या घोड्याला कोणते पाय हे देव बघेल, उचला. दुसरा म्हणे, मूर्ती घ्यायचीच नाही. प्रसाद पुन्हा पाय बघायला बसला. त्याला काय दिसत होतं ते नंतर त्यानेच मला सांगितलं. त्यांच्या गणपतीसमोरून खालच्या आळीच्या मंडळाची मिरवणूक जाते, आणि त्या आळीत इक्बालभाई राहतात. इक्बालभाईंना हे पाय पहिल्या मिनिटाला दिसले असते, आणि मग 'बैलावरचा गणपती' म्हणून चिडवणाऱ्यांपुढे पोरांना वर्षभर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"वहिनी," प्रसाद म्हणाला, "तुम्ही बोलला नसता तर आमची वाट लागली होती. किती वेळ लागेल?"

तीन तास लागले. खरं तर काम अवघड नव्हतं: चिरा प्लास्टरने भरायच्या, मागची नखुरं तासायची, कडा गोल करायच्या आणि वर रंग. अवघड होते परशूभाऊ. खूर तासायचं आपलं जुनं हत्यार त्यांनी पिशवीतून काढलं आणि दत्ताच्या हातातली पट्टी काढून घेतली. तीस वर्षं जिवंत खूर तासलेला माणूस पहिल्यांदा प्लास्टरचा खूर तासत होता, आणि तो खूर हलत नाही, लाथ मारत नाही याचंच त्याला राहून राहून नवल वाटत होतं. उचललेल्या पायाच्या तळाला मधोमध जो मऊ त्रिकोणी भाग असतो, तोही करायचा त्यांनी हट्ट धरला. दत्ता वैतागून म्हणाला, खालून कोण बघणार आहे? परशूभाऊ म्हणाले, "घोडा."

टेंपो दुपारी निघाला. पाऊस भुरभुरत होता, मूर्तीवर प्लास्टिक होतं. रंग अजून ओला, म्हणून परशूभाऊ मागे घोड्याच्या पायाशी बसले, दोन्ही हातांनी प्लास्टिक वर उचलून, खुरांना लागू नये असं. वहिनी आणि मी पुढे ड्रायव्हरजवळ. गडब आलं तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, काका घरी उतरणार का? मागून आवाज आला की थांबू नको, सुकतंय. नागोठणे गेलं, तरी हात खाली आले नाहीत.

आम्हाला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या तीन तासांत मंडळाच्या पोरांनी सगळं शूट केलं होतं. वहिनींचं बोलणं, बोटांवर उभं राहणं, परशूभाऊंचं तासणं, आणि ते सगळं रोह्याच्या प्रत्येक ग्रुपवर आमच्या आधी पोचलं होतं. टेंपो मंडपापाशी थांबला तर एवढी गर्दी, की बेंजोवाल्यांना उतरायला जागा नाही. अख्खी आळी आली होती. खालची आळी आली होती. इक्बालभाई पुढे उभे होते, कमरेवर हात ठेवून. वहिनींचा दीरही मोटरसायकल हाणत आमच्या मागे आला होता.

मूर्ती खाली उतरवली, प्लास्टिक निघालं. एरवी अशा वेळी जयघोष होतो. झाला नाही. सगळी गर्दी एकदम खाली वाकली. म्हाताऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, बायकांनी मुलांना कडेवरून उतरवून पुढे ढकललं, कोणी मोबाइलचा टॉर्च लावला. इक्बालभाई रस्त्यावर उताणे झाले आणि उचललेल्या पायाखाली मान घालून तळ बघितला. बाहेर येऊन त्यांनी वहिनींना सलाम केला. दीर पण वाकला होता. उठला तेव्हा अंगठ्याला ओला रंग होता, तो त्याने मागे रुमालाला पुसला आणि वहिनींजवळ येऊन हळूच म्हणाला, की साचे तुझ्याकडंच राहू देत, फक्त घोड्याचा नवा बनवलास की मला एक काढून दे.

माझ्या मनात परशूभाऊंचं शेवटचं चित्र आहे ते त्याच क्षणाचं. नंतरही भेटलो असेन, पण ते लक्षात नाही. टेंपोच्या फाळक्यावर ते बसलेत, हात प्लास्टिक धरून धरून आखडलेत, शर्टाची इस्त्री मोडलीय, कोपरापर्यंत पांढरी धूळ. समोर शे-दोनशे माणसं वाकलेली आहेत, आणि त्यांच्यातल्या एका पोरीचं बोट धरून ते तिला सांगताहेत की हे मधलं, ह्याच्यावरच उभा राहतो तो. पोरगी विचारते, आणि हत्ती? परशूभाऊ गणपतीच्या दिशेने न बघताच म्हणतात, ते घराणंच वेगळं गो, ते नंतर सांगतो.

मंडपाच्या दारात भटजी ओवाळणीचं ताट घेऊन कधीचे उभे होते. निरांजन दोनदा विझलं होतं. एवढ्या सगळ्या पाठी त्यांच्यासमोर वाकलेल्या, आणि मूर्तीच्या तोंडाकडे बघणारा एकही माणूस नाही. त्यांनी थोडा वेळ धीर धरला, मग तो सुटला.

"अहो, वर बघा जरा, देव वर आहे!"